रुमालाखालचा प्रबंध

देवीदासला कुत्र्यांची भीती वाटे, पुराची वाटे, न्हाव्याच्या वस्तऱ्याची वाटे. बदकाची भीती वाटायची वेळ मात्र त्याच्यावर आली नव्हती. ती त्या दिवशी सकाळी आली.

अमरावतीच्या कँपातल्या एका बंगलीचं फाटक लोटून तो आत शिरला, नि कुत्र्याएवढं एक पांढरं बदक मान जमिनीलगत ताणून, फुत्कारत त्याच्या अंगावर धावून आलं. बघता बघता ते त्याच्या धोतराच्या सोग्याला लटकलं. देवीदास ओरडला नाही. ओरडायलाही धीर लागतो. तो सोगा बदकाच्या चोचीत सोडून समोरच्या पेरूच्या झाडावर चढला.

"त्या फांदीवर नोका बसू," वरून आवाज आला. "थे तुटते. इकडं या."

पानांच्या आड एक मुलगी बसली होती. लिंबाच्या रंगाचं पातळ कमरेला घट्ट खोचलेलं, मांडीवर दोन पुस्तकं, हातात अर्धा खाल्लेला पेरू. जणू कोणी तिला झाडावर पाट मांडून बसवलं होतं.

"तुमी... कवापासून हाये इथं?"

"ऊन तिकडच्या भिंतीवर होतं तवापासून."

"भेव नाई वाटत?"

"कायचं? बदकाले चढता येत नाई." तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. डोळे मोठे नि जरा हसरे होते. "तुमाले येते, हे बरं झालं. मागच्या साली एका पोट्ट्याले येत नवतं म्हणे."

"मंग?"

"मंग काय? थो आता नागपूरले हाय."

देवीदासनं फांदी दोन्ही हातांनी धरली.

ही बंगली कमलाकांतसरांची. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, युरोपात लढाई सुरू झाली होती, नि अमरावतीच्या कॉलेजात बी. ए. ऑनर्सच्या मुलांना लढाईपेक्षा कमलाकांतसरांची धास्ती जास्त होती. अर्थशास्त्राचा प्रबंध लिहायचा तर त्याचा आराखडा आधी सरांपुढं ठेवावा लागे. सर कधी रागावत नसत. आवाज चढवत नसत. डोळे मिटून ऐकत, नि ऐकून झालं की एकच शब्द विचारत, "म्हणजे?" या एका शब्दानं भलेभले गारद झाले होते. एलिचपूरचा एक हुशार मुलगा तो शब्द ऐकून पाणी पिऊन येतो म्हणाला, तो मूर्तिजापुरात स्टेशनमास्तर म्हणूनच पुढं सापडला. बदक एका इंग्रज इंजिनियरनं पेन्शनीत जाताना सरांना दिलं होतं. मुलं त्याला परीक्षक म्हणत.

दार वाजलं. सर बाहेर आले. झाडावर दोन विद्यार्थी आहेत, यात त्यांना काही वेगळं दिसलं नसावं. त्यांनी आरामखुर्ची ओढून पेरूखाली मांडली, बसले, डोळे मिटले.

"विषय?"

देवीदासनं आठ दिवस घोकून एक वाक्य तयार केलं होतं. त्यात 'चलन' होतं, 'मध्यप्रांत' होतं, एक 'तथापि'सुद्धा होतं. ते सगळं सोग्याबरोबर खाली राहिलं होतं. त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"रुमाल..."

"म्हणजे?"

झाड हललं. झाड नव्हे, देवीदास हलला. "म्हणजे... अकोल्याच्या कापूसबाजारात, सर... दलाल भाव बोलत नाईत. रुमालाखाली हात घालतात. एकमेकाइची बोटं दाबतात. तिथंच भाव ठरते, बाजूच्याले समजत नाई. माहे मामा दलाल हायेत. मी लहान होतो तवापासून मले वाटे, का त्या रुमालाखाली... नेमकं..."

सरांनी डोळे उघडले. हे कॉलेजात कोणी पाहिलेलं नव्हतं.

"आणि तुम्ही? नाव काय?"

"शकुन, सर. वरुडची. आमच्या बाबांचा संत्र्याचा बगीचा असाच विकते. रुमालाखाली. मी म्हटलं मले दाखवा, त म्हणे, पोरीच्या जातीनं नाई पाहू."

"मग दोघांनी मिळून एकच आराखडा करा. हे कापूस पाहतील, तुम्ही संत्री. प्रबंध मग आपापला लिहा. भाव लपून ठरतो यात पिकवणाऱ्याचं भलं होतं की बुडतं, ते मला पाहिजे. ऐकीव माहिती चालणार नाही." सर उठले. "स्वतः हात घालून पाहा."

सर बदकाला घेऊन आत गेले. 

"सर काय म्हणाले?" देवीदासनं विचारलं.

"तुमी आयकलं ना."

"आयकलं. म्हनून त विचारून राहिलो."

* * *

आराखडा कॉलेजच्या वाचनालयात आकार घेऊ लागला. शकुन आत्याकडं राहायची. या आत्या, लीलाबाई, रोज सोबत येऊन पलीकडच्या बाकावर बसत नि देवाच्या वाती वळत राहत. त्यांचं लक्ष नाही असं त्यांच्याकडं पाहून वाटे, नि ते खोटं असे.

पहिल्या दिवशी त्यांनी प्रकरणं ठरवली. दुसऱ्या दिवशी ती बदलली. तिसऱ्या दिवशी शकुननं टाक खाली ठेवला. "हे असं कागदावर नाई जमनार. उपरनं काढा."

"काय?"

"खांद्यावरचं उपरनं. अभ्यास हाय."

देवीदासनं उपरणं टेबलावर पसरलं. त्याखाली आधी तिचा हात गेला. मग, विहिरीत उतरावं तसा, त्याचा. तिची बोटं गार होती. मधल्या बोटाला शाईचा चिकट डाग लागत होता. देवीदासला आपलं काळीज कानात ऐकू येऊ लागलं, नि ते लीलाबाईंनाही ऐकू जात असेल या विचारानं ते आणखीच जोरात वाजू लागलं.

"दाबा."

त्यानं दाबली.

"किती म्हणायचं हे?"

"तीन."

"मले त साडेअकरा लागले. तुमचा हात कापून राहिला."

"थंडी हाय."

"मले घाम येऊन राहिला अन् तुमाले थंडी?"

"काय चाल्लं वं शकुन?" पलीकडून लीलाबाईंनी विचारलं. हातातली वात थांबली होती.

"अर्थशास्त्र, आत्या."

"थे काय रुमालाखाली राहते?"

"वऱ्हाडात राहते."

लीलाबाईंनी याच्यावर विचार केला. शेवटी त्यांना ते पटलं असावं. वात पुढं चालू झाली.

देवीदासच्या भीतीत त्या दिवसापासून एक फरक पडला. पूर्वी तो वाचनालयाकडं जाताना भीत असे, कारण तिथून सरांची खोली दिसे. आता तो रविवारी भीत असे, कारण रविवारी वाचनालय बंद असे.

* * *

मग अकोला. बडनेऱ्याहून गाडीत लीलाबाई दोघांच्या मधोमध बसल्या. बोरगाव येईपर्यंत त्यांना झोप लागली नि त्या देवीदासच्या खांद्यावर टेकल्या. देवीदास अकोल्यापर्यंत हललाच नाही.

कापूसबाजार बैलगाड्यांनी भरला होता. हवेत कापसाची लव उडत होती. ती पागोट्यांवर होती, चहाच्या कपांत होती, बैलांच्या नाकांत होती नि ते फुर्र करून ती परत हवेत सोडत होते. शकुनच्या पापणीवर एक तंतू येऊन बसला. देवीदासला तो दिसला. सांगावं का? सांगितलं तर आपण तिच्या पापण्यांकडं पाहत होतो हे कळेल... नाही सांगितलं तर तो डोळ्यात जाईल... इतक्यात शकुननं डोळे मिचकावले नि तो उडून गेला. देवीदास दुपारपर्यंत हळहळला.

मामा शेषराव म्हणजे बाजारातलं बडं प्रस्थ. केशरी पागोटं, पोटावर रुळणारी मिशी, गालात कायमचं पान. भाचा शिकायला आला याचं त्यांना कौतुक होतं, पोरगी घेऊन शिकायला आला याचं जास्त.

"बसा त्या धुरेवर," ते एका सोडलेल्या गाडीकडं बोट दाखवून म्हणाले. "बोटं दाबली का नुसती बोली. हात काढून घेतला का नाई जमलं. अन् समोरच्याचा पुरा पंजा मुठीत धरून ठेवला, का सौदा पक्का. मंग लाटसाहेब आला तरी फिरत नाई. समजलं? आता दाखवा, काय शिकून आले."

त्यांनी आपला लाल रुमाल दोघांच्या हातांवर टाकला. शकुननं एक बोट दाबलं. देवीदासनं दोन. शकुननं भुवई उडवली, जणू म्हणाली, महाग आहे. देवीदास हसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला घासाघीस करावीशी वाटत होती.

आणि तेवढ्यात, अगदी पाठीशी, जिनिंग फॅक्टरीचा भोंगा वाजला.

देवीदासनं हाताला जे लागलं ते घट्ट धरलं.

शेषरावांचा यात दोष नव्हता. जन्म बाजारात गेलेला माणूस. रुमाल आवळलेला दिसला नि तोंडातून निघून गेलं. तेही भोंग्याच्या वर चढेल अशा आवाजात. "सौदा झालाऽऽ!"

बाजार वळला.

"कायचा सौदा गा, शेषराव?"

"कोनाचा माल? कोन्या गावचा?"

"भाव काय फुटला, थे सांगा ना आधी!"

एक मापारी तर काटा घेऊन धावत आला. पोत्यावर डुलक्या घेणाऱ्या लीलाबाई दचकून उठल्या. भोंगा थांबला. आता कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

"काय भाव ठरला, बाई?" मापाऱ्यानं थेट शकुनलाच विचारलं.

"ठरून राहिला," शकुन म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "घाई नका करू."

भोंगा केव्हाच थांबला होता. रुमाल मात्र अजून तसाच होता... हात तसेच होते. देवीदासला बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला, कुठंतरी कापूस पिशवीत दाबणाऱ्यांचा हुंकार आला, नि आपल्या मुठीत काहीतरी ऊब धरून बसल्याची जाणीव झाली. त्यानं खाली पाहिलं नाही. तिनंही नाही.

"घरी चाला," लीलाबाई म्हणाल्या.

परतीच्या गाडीत शकुन खिडकीबाहेर पाहत राहिली. बडनेऱ्याचे दिवे दिसू लागले तेव्हा ती आत्याच्या पाठीमागून, खालच्या आवाजात बोलली. 'तुमी' कुठंतरी मूर्तिजापूरच्या आसपास गळून पडलं होतं.

"देवीदास, तू भोंग्यालेच भेतो का अजून कायले?"

"कायकायले."

"सांग ना."

"कुत्र्याले. पुराले. वस्तऱ्याले. सरांले..." तो थांबला. "तुले."

"मले? मी काय चावतो का?"

"तू बसली असली का नाई वाटत. तू उठली... का वाटते."

बडनेरा आलं. लीलाबाई उठल्या. शकुन मात्र सगळे उतरेपर्यंत बसून राहिली.

* * *

बातमीला वाटेत पाय फुटले. परतवाड्याला ती अशी पोचली की एका मुलीनं अकोल्यात बापाचा कापूस परस्पर विकला. मोर्शीला कळलं की कोणा देवीदासनं बाजारात हत्ती घेतला. मोर्शीच्या पुढं ती आणखी बिघडायची, ती कशी कोण जाणे सुधारत गेली, नि वरुडला पोचली तेव्हा नेमकी खरी झाली होती: भगवंतरावांच्या शकुनचा हात एका पोट्ट्यानं भर बाजारात धरला, अन् पोरीनं काढून घेतला नाही.

ज्या सकाळी आराखडा द्यायचा होता, त्या सकाळी सरांच्या फाटकाशी एक टांगा उभा होता. टांग्यात लोखंडी पेटी नि दोरीनं बांधलेली वळकटी. पेटीवर शकुनचं नाव रंगवलेलं. बदकाला कोणीतरी मोरीत कोंडलं होतं. ते आतून शिव्या देत होतं.

शकुन फाटकातच भेटली. डोळे कोरडे होते, पण पातळाचा पदर तिनं बोटाला इतका गुंडाळला होता की बोट पांढरं पडलं होतं.

"बाबा आत बसले हायेत. आत्याकडून सामान आनलं. म्हणे, आधी पोट्ट्याले पाहातो, मंग ठरवतो. पटलं त ठेवतो, नाई त हाच टांगा टेशनाले."

"मी काय म्हणू?"

"तुले जे म्हनायचं थे म्हन. 'अभ्यास होता' म्हनायचं असन, त थे म्हन. पन पुरं म्हन, देवीदास. अर्धं बोलून गप नको राहू. तू गप राहिला, त मी गेली."

एवढी भीती त्याला एकदम कधीच वाटली नव्हती. आजवर ती हप्त्याहप्त्यानं येत असे.

खोलीत सर आरामखुर्चीत होते. समोर खुर्चीच्या टोकावर भगवंतराव. काळाकभिन्न, उंच, पांढरं पागोटं, हातात तेल पाजलेली काठी. त्यांनी देवीदासला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, नि निम्म्यातच पाहणं संपलं असा चेहरा केला.

"वाचा," सर म्हणाले.

देवीदासनं वाचायला सुरुवात केली. "प्रकरण पहिले. गुप्त बोलीची पद्धत आणि तीतील..."

"थे मले समजत नाई," भगवंतराव म्हणाले. "पोरीचा हात काहून धरला, थे सांग."

"प्रश्न रास्त आहे," सर म्हणाले, नि त्यांनी डोळे मिटले.

'अभ्यास होता.' दोन शब्द. जिभेवर तयार बसले होते, न्हाऊन, गंध लावून. देवीदासनं तोंड उघडलं.

"भोंग्याले भेलो," तो म्हणाला.

भगवंतरावांची काठी सैल झाली. "भेला?"

"हाव."

"भोंग्याले?" ते सरांकडं वळले. त्यांच्या मिशीत हसू शिरत होतं. "घ्या! अन् म्या रातभर टांगे शोधून राहिलो. पोट्टं भेकड हाय, बाकी काई नाई. राहू द्या मंग पोरीले इथं." ते उठायला लागले.

झालं होतं. संपलं होतं. शकुन राहणार होती, आराखडा राहणार होता. देवीदासनं दाराशी उभ्या असलेल्या शकुनकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली होती, नि पदर अजून बोटाला तसाच होता.

"पन..." देवीदास म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. मोरीतल्या बदकाचा वाटत होता. "भोंगा थांबला. तरी मी हात सोडला नाई."

भगवंतराव अर्धे उठलेले तसेच राहिले.

"मी बी काढला नाई, बाबा," दारातून शकुन म्हणाली.

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

एलिचपूरचा तो मुलगा देवीदासला डोळ्यांपुढं दिसला, हिरवा बावटा घेऊन, सुखात. मूर्तिजापूर फार लांब नव्हतं. पण टांगा त्याहून जवळ होता.

"म्हणजे... मले शकुनसंग लगन करायचं हाय, सर."

सरांनी डोळे उघडले. "ते माझ्या विषयात येत नाही. तिकडं पाहून बोला."

देवीदास भगवंतरावांकडं वळला नि तेच पुन्हा बोलला. दुसऱ्यांदा ते पहिल्यापेक्षा अवघड गेलं, आवाज निम्मा झाला, पण एकही शब्द गळला नाही.

मोरीचं दार वाजलं. भगवंतराव परत खुर्चीत बसले.

"कोनाचा तू?"

"खुशालरावाचा. मोर्णा नदीच्या काठचा मळा. वांगी, मेथी... झेंडू."

"हं. माळी म्हणजे. आपल्यातलेच हाये. विहिरीले उन्हाळ्यात पानी राहते?"

"राहते."

"बाप बोलते का तुहा? का थो बी असाच?"

"लय बोलते."

"मंग त्याले धाड वरुडले. तू नको येजो. तुह्यासंग बोलत बसलो, त माहा संत्र्याचा बहार जाईन." भगवंतरावांनी काठी शकुनकडं रोखली. "अन् तू. परीक्षा होयेस्तोवर काई नाई. पास झाली पायजे. अन् रुमाल-बिमाल मले दिसला नाई पायजे."

"आराखडा मंजूर," सर म्हणाले. "एक दुरुस्ती. संशोधक स्वतः व्यवहारात गुंतलेला आहे, हे पहिल्या पानावर लिहा. दोघांनीही."

* * *

बाहेर टांगेवाला घोड्याला चारा टाकून निवांत बसला होता. सामान उतरवायचं म्हटल्यावर त्यानं स्टेशनचं भाडं गेलं म्हणून कपाळाला हात लावला. भगवंतराव त्याच्याशी हुज्जत घालायला लागले, आवाज चढले, नि त्या गोंधळात पेटी उतरवायचं देवीदास नि शकुनवर आलं. त्याच्याकडं एक कडी, तिच्याकडं एक.

"एवढी जड? काय भरलं?"

"पुस्तकं. अन् आत्याचा खलबत्ता. घाईत भरला."

"खलबत्ता काहून?"

"मी रडून राहिली होती. जे हाती लागलं थे भरलं."

ती दोघं पेटी घेऊन रस्त्याच्या कडेनं चालू लागली, आत्याच्या घराकडं. ऊन कोवळं होतं. मागून भगवंतरावांचा आवाज येत होता, "टेशनाले गेलाच नाई त भाडं कायचं?"

चालता चालता पेटीची कडी खडखडत होती. सारखी, बारीक, थांबायचं नाव नाही. देवीदासनं सवयीनं ओशाळून आपल्या हाताकडं पाहिलं. त्याची कडी स्वस्थ होती.

त्यानं पलीकडं पाहिलं.

"शकुन... तुहा हात कापून राहिला."

"मालूम हाय मले," शकुन समोर पाहत म्हणाली. "गप चाल. अन् सोडू नको."